स्वतःचीच सवत

राज्यशास्त्राची प्राध्यापक म्हटलं की लोक एकच विचारतात, यंदा कोण येणार? टॅक्सीवाला विचारतो. दाताच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात कापूस कोंबून विचारलं होतं. मला माहीत नसतं. निवडून कोण येणार हा माझा विषय कधीच नव्हता. दाराबाहेर कोण राहिलं आणि दार आतून कोणी लावून घेतलं, याचा मी आयुष्यभर अभ्यास केला. बायका, अल्पसंख्य, खालच्या मानलेल्या जाती. ज्यांना सगळे ओळखतात पण ज्यांना सभेत कोणी काही विचारत नाही अशी माणसं. आमच्या शास्त्रात याला 'सामाजिक बहिष्करण' म्हणतात. आईने एकदा या शब्दाचा अर्थ विचारला. मी बराच वेळ समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पंगतीला न बोलावणं. मग तसंच लिही की." तसं लिहिलं असतं तर पीएच.डी. मिळाली नसती.

या अंकाच्या संपादकांना मंत्र्यांचे किस्से हवे असावेत, असा मला संशय आहे. माझ्याकडे मंत्री एकही नाही. एक सेक्रेटरी आहे, तोही परळच्या एका चाळीच्या सोसायटीचा. पण सत्ता कशी चालते हे मला त्याने जितकं शिकवलं तितकं कुठल्या मंत्र्याने शिकवलं नसतं.

माझी आई लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायची. शाळा सुटली की मी तिच्या शेजारी जाऊन बसे आणि मोसमात गर्दी झाली की दुकानदार मला गिऱ्हाइकांपुढे उभी करी. घासाघीस मी तिथे शिकले. तिथला एक नियम मला पुढे कुठल्याही संशोधनपद्धतीपेक्षा जास्त उपयोगी पडला. गिऱ्हाइकाशी मालाबद्दल वाद घालायचा नाही. मिरची मोडून त्याच्या हातात द्यायची. त्याला शिंक आली की तोच म्हणतो, तिखट आहे.

हा नियम मी एकाच ठिकाणी विसरले. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत निवड समितीतल्या एका गृहस्थांनी माझे लेख एका बोटाने लांब सरकवले आणि विचारलं, "यात राज्यशास्त्र कुठे आहे? ही तर चाळीतली भांडणं आहेत." मी म्हणाले, चाळीतलं भांडण ज्याला कळत नाही त्याला संसदेतलं काय कळणार? मी 'सहयोगी प्राध्यापक' म्हणून निवृत्त झाले. ते 'सहयोगी' माझ्या नावाला शेवटपर्यंत चिकटून राहिलं. पुढे मला एका स्नेह्यांनी सुचवलं की जाऊन दिलगिरी व्यक्त केली असती तर पुढच्या वेळी काम झालं असतं. मी त्या स्नेह्यांशीही बोलणं सोडलं. आता निवृत्तीनंतर सकाळी दादरला फिरायला जाते तेव्हा कधीकधी चालता चालता त्या गृहस्थांना नवनवी उत्तरं देत असते. माझे ओठ हलतात, असं बरोबरच्या बायका सांगतात.

तर धंदा काय, ते सांगते. समजा एखाद्या सोसायटीच्या सभेत बायकांचं किती चालतं हे शोधायचं आहे. सेक्रेटरीला विचारलं तर तो म्हणतो, आमच्याकडे लेडीज भरपूर असतात. खोटं नसतं ते. म्हणून मी सभेला जाताना आधी चपला बघायची. दाराशी काढून ठेवलेल्या चपलांमध्ये बायकांच्या फारशा नसतात. बायका असतात बाहेर गॅलरीत, कठड्याला टेकून, पायात चपला तशाच. सभा तासभर चालो की दुपारपर्यंत, त्या 'जरा उभ्या' असतात. चपला काढून आत बसलं की आपण आलो असं होतं, आणि आलो तर बोलावं लागतं. माझ्या एका लेखाचा पायाच या चपला आहेत. त्या लेखाला सहकारी 'चप्पल थिअरी' म्हणायचे. म्हणोत.

दुसरं, लोक 'नाही' म्हणत नाहीत. ठाकूरद्वारच्या एका घरदलालाशी मी मुसलमान भाडेकरूंबद्दल बोलत होते. भला माणूस. मला ताक पाजलं. म्हणाला, मॅडम, आम्ही कोणाला नाही म्हणत नाही, फक्त नाव ऐकलं की परत फोन करत नाही. जगातली बरीच वगळणूक अशीच चालते. कोणी दार आपटत नाही, नुसता फोन येत नाही.

आणि तिसरं, मुलाखत म्हणजे घासाघीसच असते. आपल्याला समोरच्याचं आयुष्य हवं असतं आणि द्यायला आपल्याकडे काही नसतं. शहाणी माणसं हे लगेच ओळखतात. फिलोमिनाने पहिल्या भेटीतच ओळखलं.

परळच्या त्या चाळीत सगळी वस्ती कोकणातल्या गिरणी कामगारांची. ख्रिश्चन बाई एकच, फिलोमिना. ती मूळची गिरगावची, तिथल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती कुटुंबातली. मी तिच्या दारात गेले तेव्हा ती सुके बोंबील कापत बसली होती. नवरा विश्राम खिडकीशी रेडिओ कानाला लावून बसलेला. मी संशोधन, विद्यापीठ वगैरे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात तुला काय मिळणार?" मी म्हणाले, अहवाल होईल. "आणि मला?" मग तिनेच सौदा ठरवला: एक प्रश्न तुझा, एक माझा. मी उत्तर दिलं नाही तर तीही देणार नाही.

असला करार मी आधी कधी केला नव्हता. मी विचारलं, चाळीच्या कार्यक्रमात तुम्हाला काम देतात का. तिने विचारलं, लग्न का नाही केलंस. मी म्हणाले, माझं नाव बदलायची माझी तयारी नव्हती. ती हातातली कात्री खाली ठेवून मोठ्याने हसली. विश्रामने रेडिओ बंद केला.

तिची गोष्ट मग तिथून सुरू झाली. विश्राम ज्या गिरणीत होता तिथल्या दवाखान्यात ती मलमपट्टी करायची. त्याचं बोट मागात सापडलं. बोट बरं झालं तरी तो पट्टी बदलायला येत राहिला. लग्न त्यांनी कोर्टात केलं, तिच्या स्वतःच्या नावाने. घरी आणल्यावर सासूने तिला उंबऱ्यावर थांबवलं आणि एकच अट घातली: देव बदलू नको, नाव बदल. आपल्याकडे नव्या सुनेचं नाव ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने लिहितात. तसं ताट आणलं, विश्रामने 'मंगल' लिहिलं, पेढे वाटले, झाली मंगल. रविवारी चर्चला निघाली की सासू स्वतः तिच्या केसांत गजरा माळायची. रेशनकार्डावर सासऱ्यांनी मंगल लिहिलं, पुढे मतदारयादीत मंगल, सगळीकडे मंगल. चाळीत मंगलवहिनी. फिलोमिना म्हणणारा एकच राहिला, विश्राम, आणि तोही दार लावल्यावर.

मी विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, आता माझा नंबर आहे. आणि मला प्राध्यापकपदाचं विचारलं. मी सगळी हकिकत सांगितली. मग तू भांडली नाहीस का, म्हणाली. भांडले, म्हणूनच मिळालं नाही. "मग बरोबर झालं," ती म्हणाली आणि मला बोंबलाची चटणी बांधून दिली. त्या दिवसापासून मी तिची 'मास्तरीण' झाले.

अहवाल छापून झाला तेव्हा मी तिला मराठी प्रत नेऊन दिली. तिने ती वाचली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर दोन रबर लावून कपाटात ठेवली आणि चाळभर सांगितलं, मास्तरणीने माझ्यावर पुस्तक लिहिलं.

पुढे विश्राम आजारी पडला. टाटाच्या रांगा, औषधं, डबे, सगळं तिने एकटीने केलं. मी अधूनमधून जाऊन बसत असे. विश्रामचा धाकटा भाऊ गुणाजी नालासोपाऱ्याला राहायचा. तो आला नाही. सुट्टी मिळत नाही, असा निरोप यायचा. हे तिने मला हॉस्पिटलच्या जिन्यात बसून सांगितलं होतं, अगदी हळू आवाजात, आणि वर म्हणाली होती की हे लिहू नको हां, घरातलं आहे.

विश्राम गेला आणि वर्षभरात चाळीचा पुनर्विकास आला. जुन्या खोल्या पाडून टॉवर होणार, प्रत्येक पात्र कुटुंबाला त्यात घर. खोली विश्रामच्या नावावर होती, म्हणजे हक्क त्याच्या विधवेचा. साधी गोष्ट. पण गुणाजीने सोसायटीकडे हरकत घेतली, आणि ती इतक्या हुशारीने की वाचल्यावर मला त्याचं कौतुकच वाटलं.

त्याचं म्हणणं असं: दादाचं कोर्टात लग्न झालं ते फिलोमिना नावाच्या बाईशी. त्या नावाचं रेशनकार्ड नाही, मतदान नाही, ती बाई या चाळीत राहिल्याचा एकही पुरावा नाही. बहुतेक सोडून गेली. खोलीत राहते ती मंगल. तिचं दादाशी लग्न झाल्याचा कागद नाही. सबब दोघींपैकी कोणीच वारस होत नाही, खोली भावाची.

त्याच्या म्हणण्यात एकीचं लग्न होतं, घर नव्हतं. दुसरीचं घर होतं, लग्न नव्हतं. फिलोमिना तो कागद घेऊन तडक माझ्याकडे आली. "मास्तरणी, बघ गो," ती म्हणाली, "या वयात मी माझीच सवत झाले."

हरकतीत काही दम नव्हता, हे कोणताही वकील सांगेल. पण कोर्टात जायचं तर निकालापर्यंत टॉवर उभा राहून त्यात दुसरा कोणी राहायला आलेला असतो. सोपा रस्ता एकच होता. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने ठराव करायचा की फिलोमिना आणि मंगल ही एकच व्यक्ती आहे. तो ठराव आणि एक प्रतिज्ञापत्र जोडलं की अधिकारी पुढे जाऊ देतात. चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की बाई एकच आहे. प्रश्न एवढाच होता की सभेत उठून हे म्हणणार कोण. सेक्रेटरी परब गुणाजीच्याच गावचे. बाकीच्यांना दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पडायचं नव्हतं. आपापल्या घरांचे कागद प्रत्येकाच्या डोक्यात होते.

सभा रविवारी सकाळी, तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत. मी निरीक्षक म्हणून जाऊन बसले. अशा सभांना मी इतकी वर्षं गेले होते की मला कोणी हटकत नसे. गुणाजी पुढच्या रांगेत, नव्या शर्टात. आत पुरुष, बाहेर गॅलरीत बायका, पायात चपला.

फिलोमिना उठली आणि तिने पिशवीचे रबर काढले. मला पुढचं दिसलं. तिने माझा अहवाल परबांपुढे ठेवला. म्हणाली, विद्यापीठाचं पुस्तक आहे, यात मी आहे, मी इथे कधी आले, कोणाशी लग्न केलं, सगळं लिहिलंय. परबांनी चष्मा लावला, पान शोधलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"वहिनी, यात तुम्ही नाही. यात सुमती म्हणून कोणीतरी आहे. कंसात लिहिलंय, नाव बदलले आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, आधीच दोन होत्या. ही तिसरी कोण?"

खोली हसली. गुणाजीही हसला.

नावं बदलणं हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. माणूस विश्वासाने बोलतो. त्याचं बोलणं त्याच्यावर उलटू नये म्हणून त्याला लपवायचं. चाळीत ख्रिश्चन बाई एकच, तेव्हा ख्रिश्चन नाव ठेवलं तर ती लगेच ओळखू येणार. म्हणून मी माझ्या मामीचं नाव दिलं होतं. मी उभी राहून हे सगळं समजावू लागले. परब म्हणाले, म्हणजे पुस्तकात खोटं लिहिलंय असं म्हणायचं का? मी चढ्या आवाजात म्हणाले की याला गोपनीयता म्हणतात. ते म्हणाले, लिहून घेतो, गोपनीयता. पुन्हा हसू. माझं डोकं तापलं. मी त्या निवड समितीपुढे उभी आहे असंच मला वाटायला लागलं आणि तसलंच काहीतरी तोंडाशी आलं.

तेवढ्यात फिलोमिनाकडे लक्ष गेलं. ती सभेकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि सुमती कोण हे तिला समजत नव्हतं.

मी खाली बसले. मालाबद्दल वाद घालतेय हे माझ्या ध्यानात आलं. मिरची गुणाजीच्या हातात द्यायला हवी होती.

मी शांतपणे म्हणाले की ठीक आहे, दोन बायका होत्या असं धरू. गुणाजीभाऊंनी फक्त एवढं सांगावं की समोर उभी आहे ती कोणती. फिलोमिना म्हणाले तर ती बायको ठरते. मंगल म्हणाले तर फिलोमिना दिसायला कशी होती ते सांगावं लागतं. गुणाजी हुशार. तो म्हणाला, "मला काय माहीत? ही बाई इथे राहते एवढंच मी सांगू शकतो."

ही बाई. मी त्या घरात कितीदा गेले होते. दीर-भावजय यांची भांडणंही ऐकली होती. भांडतानासुद्धा त्याने तिला 'ही बाई' कधी म्हटलं नव्हतं, हाक नेहमी एकच असायची. आमच्या धंद्यात कोण कोणाला काय हाक मारतं हे टिपून ठेवायची सवय लागते. कागदावर माणूस काहीही लिहितो. हाक मात्र लहानपणापासून जिभेवर बसलेली असते.

मी फिलोमिनाच्या कानाशी लागून म्हणाले, हॉस्पिटलचं काढा. तिने मान हलवली. "नको गो. मेलेल्या माणसाचं कशाला."

म्हणून मीच काढलं. कोणी विश्वासाने सांगितलेलं चारचौघांत बोलू नये, हाही नियमच. विद्यार्थ्यांना मी तो घोकून घेत असे. तरी त्या दिवशी बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. मी गुणाजीला विचारलं, "विश्राम हॉस्पिटलात होता तेव्हा सुट्टी मिळत नाही म्हणून तुम्ही निरोप धाडत होतात. तो कोणाला? पहिलीला की दुसरीला?"

गुणाजीचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळलाच नाही. तिच्याकडे वळला, आणि लहान मुलासारखं म्हणाला, "वैनी, तुम्ही हिला हेपण सांगितलंत?"

मग गॅलरीतून एका म्हातारीचा आवाज आला.

"खंयची वैनी रे गुणाजी? पयली काय दुसरी?"

पुढे जे झालं त्याला सभाशास्त्रात नाव नाही. आधी गॅलरी हसली, मग खोली. मागच्या रांगेतले एक मिलवाले आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बायका दारातून आत आल्या, चपलांसकट, आणि एकेक जण सांगू लागली: माझ्या बाळंतपणाला रात्रभर कोण बसलं होतं, मंगलवहिनी, नाताळला केक कोण वाटतं, मंगलवहिनी, विश्रामदादा तिला फिलू म्हणायचा, भिंत पातळ, आम्हाला काय ऐकू येत नव्हतं का! यावर फिलोमिना अशी लाजली की मला तोंड फिरवावं लागलं. परबांनी पुष्कळ वेळ 'शांतता, शांतता' केलं आणि शेवटी ठराव लिहिला. सर्वानुमते. गुणाजीने हात वर केला नाही, पण विरोधही नोंदवला नाही. इतिवृत्तात परबांनी एक वाक्य स्वतःहून घातलं: 'हरकतदार यांनी सभेत सदर महिलेस वैनी असे संबोधले.' त्या वाक्यासाठी मी परबांना सगळं माफ केलं आहे.

त्या निवड समितीतल्या गृहस्थांना मी मनातल्या मनात विचारलं, दिसलं का राज्यशास्त्र?

बाहेर पडल्यावर मला वाटलं फिलोमिना मला मिठी मारेल. ती जिन्यापाशी थांबली आणि म्हणाली, "सुमती कोण गो?"

मी पुन्हा नियम सांगितला. तिने सगळं ऐकलं. "सासूने बदललं ते ताटात तांदूळ घेऊन, सगळ्यांसमोर, पेढे वाटून. तू तर मला विचारलंही नाहीस." आणि वर चढून गेली. हॉस्पिटलची गोष्ट मी बाहेर काढली याचंही तिला लागलं होतं. पुढचे काही आठवडे तिने माझा फोन उचलला नाही. घरदलालाकडून शिकलेलं मला तिने स्वतःच्या हाताने समजावून दिलं.

समेट झाला तो भोईवाड्याला, कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याच्या टेबलाशी. प्रतिज्ञापत्र करायचं होतं, म्हणून तिने मला बोलावलं. टायपिंगवाल्याने मजकूर वाचून दाखवला: मी, फिलोमिना ऊर्फ मंगल... ती म्हणाली, ऊर्फ काढा. तो म्हणाला, आंटी, कायद्यात असंच लिहितात. "पेपरात बघते ना मी. अमका ऊर्फ पक्या, तमका ऊर्फ काण्या. ऊर्फ चोरांना लावतात." तो माझ्याकडे मदतीसाठी बघू लागला. मी म्हणाले, बरोबर आहे तिचं. तो वैतागला, चहा मागवला, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम घेतलं, परत आला. शेवटी म्हणाला, काय लिहू मग, तुम्हीच सांगा. ती म्हणाली, "म्हणजेच लिहा. फिलोमिना म्हणजेच मंगल." त्याने तोंडातल्या तोंडात पुटपुटत टाइप केलं. नोटरीने न वाचता शिक्का मारला. कागद पुढे गेला आणि कुठेही अडला नाही.

मी पुष्कळ वर्षं 'ओळख' या विषयावर शिकवलं. 'ऊर्फ' आणि 'म्हणजेच' यांतला फरक मी कधी शिकवला नव्हता.

टॉवर अजून पुरा व्हायचा आहे. ती सध्या शिवडीला भाड्याच्या खोलीत राहते. गुणाजीच्या मुलाचं गेल्या वर्षी लग्न झालं, त्याला ती गेली होती, आहेर घेऊन. मी चिडून विचारलं, कशाला? ती म्हणाली, त्याचंही नाव कधी त्या खोलीवर लागलं नाही गो, जन्मला मात्र तिथेच. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मुलाला द्यायला घर नाही म्हणून बाप काय काय करतो, यावर मला एक लेख लिहायला हवा होता. राहून गेला.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी तिच्याकडे परवानगी मागायला गेले, कारण एकदा पोळले होते. म्हणाले, नाव बदलते, पण या वेळी तुला विचारून. ती म्हणाली, बदलायचं नाही. मी म्हणाले, निदान नुसतं आद्याक्षर घालते. नाही. बरं, मंगल लिहिते. नाही, आधी फिलोमिना, मग मंगल, आणि मधे काय ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, मग चाळीचं नाव घालत नाही, खोलीचा नंबर घालत नाही. त्यावर तिने बराच वेळ घेतला, मासळीवालीशी करावी तशी तोंडं केली, आणि कबूल झाली. तेव्हा वर आलेलं तिचं नाव खरं आहे. माझ्या सबंध कारकिर्दीत छापलेलं हे पहिलं खरं नाव.

उठता उठता तिने मला हाताला धरून थांबवलं.

"दिराचं नाव मात्र खरं घालू नको हां. मुलाचं नवीन लग्न झालंय. सुनेच्या माहेरचे वाचतील."

मी म्हणाले, ठीक आहे, बदलते. काय ठेवू, तूच सांग. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाचं तरी नाव ठेवायची पाळी तिच्यावर आली होती. तिने खिडकीबाहेर बघत पुष्कळ विचार केला. दोन-तीन नावं पुटपुटली, सोडून दिली. मग तिला सापडलं आणि ती गालात हसली.

"गुणाजी ठेव," ती म्हणाली. "नावाला तरी."